अक्कांची थप्पड

शुक्र., ५ डिसें.
इथल्या मराठी मंडळाच्या अंकात परीक्षण द्यायचंय म्हणून 'एजंट निःश्वास'चा पाचवा भाग लावला. श्वास रोखला की अदृश्य होणारा हेर. कपडेही अदृश्य होतात, बूट होत नाहीत. का, विचारायचं नाही. शत्रूच्या किल्ल्यात नुसते बूट चालतायत आणि पहारेकरी आभाळ बघतोय. 'रटाळ' हा शब्द लिहून ठेवला.

मग किल्ल्याबाहेर शहाळेवाली. तिच्या ढिगातलं एक शहाळं आपोआप हवेत उठलं. बाईनं शांतपणे पदर खोचला, अंदाज घेतला, आणि शहाळ्याच्या वर रिकाम्या हवेत अशी सणसणीत थप्पड लगावली की हेराचा श्वासच सुटला. दिसायला लागला बिचारा, गाल धरून. एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. परत लावलं. थांबवून जवळ जाऊन पाहिलं.

खालच्या अक्का! माझ्या घरमालकीण!!

शनि., ६ डिसें.
जिन्यात गाठलं. "अक्का, शहाळं केवढ्याला?"
"अय्यो! हळू बोल. आण्णा आत आहेत."
आण्णा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना 'देवनहळ्ळीला बहिणीकडे जाते' सांगून बाई गेल्या. शूटिंग देवनहळ्ळीलाच, म्हणजे अर्धं खरं. भाग दाखवेपर्यंत बोलायचं नाही असं शूटिंगवाल्यांनी कबूल करून घेतलेलं, आणि आण्णांना सांगणं म्हणजे अख्ख्या एचएसआर वस्तीला सांगणं.
"आता सांगून टाका की."
"काय सांगू? काम केलं ते, की खोटं बोलले ते? संसारात पहिल्यांदाच खोटं बोलले रे. आणि इतकं सहज जमलं, त्याचीच भीती वाटते."
परीक्षणात नाव नको, अशी शपथ घातली.

रवि., ७ डिसें.
पंचाईत. आण्णा मंडळाचा अंक पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचतात. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर पेन्सिल मारून वर पाठवतात. नाव न घालताही थप्पड लिहिली तर ते भाग बघणार, नक्की.
थप्पड गाळून लिहिलं. बूट, पहारेकरी, रटाळ. वाचताना मलाच झोप आली.
दुपारी अक्का अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ घेऊन वर. मजकूर उभ्यानं वाचला. परत वाचला. पान उलटून मागे पाहिलं.
"एवढंच?"
"तुम्हीच म्हणालात ना..."
"नाव नको म्हटलं. थप्पड नको, असं कुठे म्हटलं?" मग खिडकीबाहेर बघत, "घाल की. स्वल्प, थोडंसं."
एक ओळ घातली: शहाळेवालीचं काम बरं.
"बरं?"
'उत्तम' केलं. तेही नको, 'सहज' हवं. मग म्हणाल्या, हवेत मारणं किती अवघड असतं, समोर कुणीच नसतं, तेही लोकांना कळायला हवं. उसळ संपेस्तोवर परिच्छेद झाला. रटाळ भागात जीव ओतणारी बाई, वगैरे. खरं तेच लिहिलं म्हणा.

गुरु., ११ डिसें.
अंक आला. संध्याकाळी आण्णा स्वतः वर. मागे अक्का.
"एका शहाळेवालीनं अख्खा भाग खिशात घातला? अतिशयोक्ती. तुला सवयच आहे."
"नाही आण्णा, खरंच..."
"सरी, ठीक. रविवारी खाली येऊन लावून दे. बघतो कोण एवढी."
अक्का म्हणाल्या, "मला नाही बाई असलं आवडत." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हे काम पाचव्या भागापेक्षा सरस.

रवि., १४ डिसें.
खाली गेलो. बुटांवर आण्णा मनसोक्त हसले. शहाळी दिसली तशा अक्का "कुकर" म्हणून आत. शिट्टी झालेली नव्हती.

थप्पड.

आण्णांनी चष्मा काढला, लुंगीला पुसला, घातला.
"मागे घे."
घेतलं.
"परत."
तिसऱ्यांदा बघताना पुढे सरकून बसले. पदर खोचण्याशी थांबवायला लावलं, आणि तसंच बघत राहिले. आत भांडी उगाचच वाजत होती. मला वाटलं, आता हाक मारणार. देवनहळ्ळीचं विचारणार. मी काय सांगायचं?

आण्णा एकदा स्वयंपाकघराकडे बघून माझ्याकडे झुकले. आवाज एकदम बारीक.
"काय रे, पुढच्या भागात आहे का ही?"
"माहीत नाही, आण्णा."

आतली भांडी थांबली.