बदामी रंग कसा जुळवावा

४ मार्च
सासरे महिनाभर थोरल्या मेव्हणीकडे गेले. त्यांची गाडी आमच्याकडे. गाडी अकरा वर्षांची, पण लेदरच्या बदामी सीट्स अजून ताठ. दर रविवारी स्वतः पुसून क्रीम चोळतात. चावी देताना म्हणाले, फक्त चालवा, बाकी काही करू नका. मनावर घेतलं नाही. वय झालंय.

६ मार्च
मागच्या खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने ड्रायव्हरच्या सीटवर ओरखडा. बोटभर. दोष खिशाचा, हल्ली शिलाई कच्ची असते. बायकोला सांगितलं नाही. तिला कशाला टेन्शन!

७ मार्च
सीटवाल्याकडे गेलो. म्हणे गाडी चार दिवस ठेवा. म्हणे रंग दिवसाउजेडी जुळवावा लागतो, सीट उन्हाने उतरलेली असते, ओला रंग वेगळा, वाळलेला वेगळा. साध्या कामाचा बाऊ करायचा, दुसरं काय! कॉलेजात पोस्टर्स मी रंगवायचो. त्याच्याकडूनच डबा घेतला आणि निघालो.

९ मार्च, संध्या. ७
पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली काम फत्ते. आता ओरखडा शोधून दाखवा!

१० मार्च, सकाळी ८
शोधावा लागत नाही. उन्हात केशरी पट्टा. बायकोने विचारलं, गाजराचा रस सांडला का? मी नुसतं हुं केलं. तिने ओल्या फडक्याने घासलं. निघाला नाही. म्हणजे रंग पक्का आहे.

१३ मार्च
पट्ट्यात चूक नाही, सीटच फिकी आहे. सबंध सीट रंगवली. आधी जुनं क्रीम काढा असं डब्यावर लिहिलंय. सासऱ्यांनी चोळलेलं चांगलं क्रीम काढायचं? मी नाही काढणार.

१७ मार्च
ड्रायव्हरची सीट इतकी उठून दिसते की बाकीच्या मळकट वाटतात. त्याही घेतल्या. डबा मध्येच संपला. तोच रंग मिळाला नाही, त्याचा चुलतभाऊ आणला. बायको म्हणाली, आता तरी हात आवर. आवरला. सीट्स संपल्या होत्या.

२२ मार्च
ऑफिसात प्रेझेंटेशन देताना बायको फळ्याकडे वळली आणि सगळे हसले. पांढऱ्या शर्टावर पाठभर बदामी. ती माझ्याशी बोलत नाही. शर्टावरची छटा मात्र मूळ सीटशी तंतोतंत जुळते. हे तिला आत्ता सांगणार नाही.

२८ मार्च
सासरे आठवडाभर आधीच परतले. गाडीचं दार उघडलं, सीटवरून अंगठा फिरवला. रंगाचा पापुद्रा अंगठ्याला चिकटून आला. मी अर्धा तास उजेडाचं शास्त्र समजावलं. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाले, हा रंग हिच्या आईने निवडला होता.
जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

३ एप्रिल
गाडी सीटवाल्याकडे. तो कापसाच्या बोळ्याने माझे थर उतरवतोय. सासरे रोज तिथे स्टूल टाकून बसतात. हे कुणी केलं असं त्याने विचारलं, तर म्हणाले, शेजाऱ्याने. बायको म्हणाली, बाबांनी तुझी लाज राखली. मी भडकलो. दोन आठवडे राबलो मी, नाव शेजाऱ्याचं!
तडक तिथे गेलो, सरळ सांगून टाकायला. चारपैकी तीन सीट्सवरचे माझे थर निघाले होते. जुना रंग, फिका, मऊ. मला तो अजिबात जमला नसता.
सीटवाल्याने चष्मा वर करून मला निरखलं आणि विचारलं, ते शेजारी तुम्हीच का?
सासरे रस्त्याकडे बघत होते.
हो म्हणालो.