उरलेल्याचं निम्मं

३ डिसेंबर, मंगळवार
आज परभणीत काम लागलं. राजेश्रीताईंच्या घरी, विद्यापीठाच्या अंगाला. स्वयपाक, धुणंभांडं, अन् राहायला मागची खोली. खोलीत पंखा हाय, नळ आतच हाय. बबिताला लुगड्याची झोळी बांधली, पोरगी दोन घंटे झोपली. ताई एकल्याच राहतात. विम्याच्या गणिताची परीक्षा द्यायल्यात. माणूस किती साल जगंल, त्याचा हप्ता किती, असलं गणित. त्यायनीच ही वही दिली. म्हणल्या, शीला, सातवी शिकलीस ना, रोज चार ओळी लिहीत जा. आमचे मालक, मल्हार, मेंढरं घेऊन पूर्णेकडं हायत, सगळं घरदार संगं. फोनवर म्हणले, पंखा एकलीच खाऊ नको, जरा वारं इकडं पाठव. लय हसलो.

५ डिसेंबर
ताईंनी चक्रवाढ व्याज समजून सांगितलं. मला पटकन कळालं. मेंढीला कोकरू, कोकरू वाढलं की त्यालाबी कोकरू. ताई खुश झाल्या. मी इचारलं, तुमच्या वहीतली मेंढरं मरत न्हाईत का? म्हणल्या, ते पुढच्या पुस्तकात हाय.

६ डिसेंबर
पुढचं पुस्तक काढलं. त्यात माणसं मांडल्यात, दर ओळीला किती उरली ते. नमुन्याला ताईंनी आमचं घर धरलं. किती माणसं, इचारलं. मी बोटावर मोजली. सासरा दत्तराव, सासू कासाबाई, दीर भुजंग, जाऊ माधवी, त्यांची दोन लेकरं, मालक, बबिता. स्वतःला धरलंच न्हाई, मोजणारं कोण धरतंय. सासू माणसं मोजताना एक देवाचं जास्त मोजते. खरा आकडा तोंडातून काढू नये म्हणते. मी नऊ सांगणार व्हते. ताई म्हणल्या, गणितात बरोबर पायजे. मी आठ सांगितलं. सोपं जावं म्हणून त्यायनी निम्म्याचा दर धरला. दर ओळीला उरलेल्याचं निम्मं जायाचं.

९ डिसेंबर
ताईंच्या वहीत आठाखाली चार लिहिलंय.
मालकांना फोन केला. भुजंगभाऊजी कसे हायत इचारलं, तर म्हणले, कोण भुजंग? मला भाऊच न्हाई. मस्करी वाटली. सासूला फोन द्या म्हणलं. सासू म्हणल्या, परभणीचं पाणी बाधलं का गं तुला, असलं कुणी न्हाई आमच्यात. मागं लेकरांचा कालवा नव्हता.

१० डिसेंबर
दोन.
मालकांना आईबापाचं इचारलं. म्हणले, मी बारीकपणीच पोरका, तुला ठावं हाय की. शांतपणी म्हणले. मेंढरं तेवढीच हायत म्हणले.
मी भाकरी केल्या. ताईंनी दोन खाल्ल्या. ठेचा चांगला झालाय म्हणल्या.

११ डिसेंबर
ताईंच्या पाया पडले. खाली लिहू नका म्हणलं. म्हणल्या, येडे, सोमवारी पेपर हाय माझा. मग म्हणलं, बबिताला काढा, तिच्या जागी मला धरा. म्हणल्या, आकड्याला नाव नसतं शीला. दोन म्हणजे दोन. त्यातलं कोण जाणार, हे गणित सांगत न्हाई.
ते पान मी गॅसवर जाळलं. ताई रागावल्या न्हाईत. नव्या पानावर एक लिहिला.

१२ डिसेंबर
मालकांचा नंबर लागतो. दुसराच माणूस उचलतो.
गळ्यात मंगळसूत्र हाय. कुणाचं, ते ह्याच वहीत वर वाचलं. मल्हार.
तोंड आठवत न्हाई.

१३ डिसेंबर
अर्धा.
इचारलं, अर्धं माणूस असतं का? ताई म्हणल्या, कागदावर असतं. मग पाव, मग त्याचं निम्मं. शून्य कधी येतच न्हाई बघ, म्हणल्या. लय खुशीत सांगितलं.
बबिता कडेवर हलकी लागायलीय. रडली तर पलीकडच्या घरातून आवाज आल्यागत —

१४ डिसेंबर
पाव.
तिला घेऊन स्टँडवर गेले. कंडक्टर म्हणला, बाई, एकलीच का? ती कडेवरच व्हती. कुठं जायचं इचारलं त्यानं. सांगता येईना. तिकडं कोण हाय — माघारी आले.

१५ डिसेंबर, रविवार
ताई सकाळधरून लिहायल्यात. ओळीखाली ओळ. उद्या पेपर —

दुपार
अंगावर दूध दाटलंय. पोलकं भिजलं. दुखायलंय.
कुठंतरी लेकरू रडायलंय. लय बारीक. थांबत न्हाई.
ताईंना इचारलं, कुणाचं हाय. ताई म्हणल्या, कुणाचं काय?
कुणाचं तरी हाय. भुकेलंय. जाऊन घ्यावं वाटतंय, पण दुसऱ्याचं लेकरू मी कसं —