उतारावरचं गवत

२२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरच्यांना खूप आशीर्वाद. लेकीचा खोकला थांबला असेल असं धरून चालते.

इकडे ठीक. बाबांची दाढ काढली, सध्या मऊच खातात. माझी वनखात्याच्या कचेरीची धावपळ चालू आहे. हे घरट्यांचे महिने. कुंपणं छाटायची नाहीत, गवत जाळायचं नाही. आणि लोकांना नेमकी आत्ताच साफसफाई सुचते. परवा एका बाईने दारातच ऐकवलं, "पाखरांनी पाठवलंय का तुम्हाला?" मी हसले आणि तिच्या माळ्याला कात्री ठेवायला लावली.

फोनवर तू घरामागच्या उताराचं विचारलंस. हो, पेटला. वारा होता, आग बघता बघता वरच्या कुंपणाला भिडली. चंडोलांची पिल्लं अजून उडायची होती. त्यांच्या आया वर घिरट्या घालत राहिल्या.

कोणी पेटवला असं विचारलंस तेव्हा दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला. दूध नव्हतं रे. बाबांनी पेटवला. हा नियम व्हावा म्हणून जे दारोदार फिरले, त्यांनीच. मी धावत गेले तर एवढ्या उन्हात अंगात स्वेटर, हातात काडेपेटी. म्हणाले, "थंडी आहे तोवर जाळून घेऊ, पोरी. एकदा पाखरं बसली की हात लावता येत नाही."

तक्रार मीच नोंदवली. दुसऱ्या कुणाची नोंदवलीच असती ना? साहेब म्हणतात, वय बघून सोडून देतील. देतीलही.

पण रोज सकाळी बाबा मागच्या दारात उभे राहतात, तो काळा उतार बघतात आणि नव्याने हादरतात. "कुणी केलं हे?" एकदा खरं सांगितलं. लहान मुलासारखे रडले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. काल माझा हात घट्ट धरून म्हणाले, "तू त्याच खात्यात आहेस ना? ज्याने केलं त्याला सोडू नकोस हं."

"नाही सोडणार," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सुट्टी मिळाली तर ये. येऊन काही करायचं नाहीये, करण्यासारखं काही उरलेलंच नाही. फक्त एखाद्या सकाळी ते विचारतील तेव्हा माझ्याऐवजी तू गप्प राहा.

वाट बघणारी,
तुझी ताई