औषध न दिलेल्या पेशींतली चांदी

नारायण पेठ, पुणे
गुरुवार

तीर्थस्वरूप सौ. आत्यांस,

वैष्णवीचा साष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी उतरली असेल, आणि चांदीच्या नावाखाली ॲल्युमिनियमचा वर्ख दिला म्हणून वर्ध्याच्या महिपतशेठांशी चाललेले आपले भांडणही निवळले असेल, अशी आशा करते. (दोहोंपैकी एकच थांबणार असेल, तर गुडघेदुखी थांबावी.) माझी प्रकृती ठीक आहे. वजन मात्र दोन किलोंनी वाढले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

काजूकतली कोणाकोणाला आवडली, असे आपण फोनवर तीनदा विचारलेत आणि तिन्ही वेळा मी ‘सगळ्यांना’ असे उत्तर दिले. ते एका अर्थी खरे होते, कारण खाणारी सगळी माणसे मिळून मी एकटीच होते.

इंदूरच्या मोठ्या यंत्रावर मला प्रयोगासाठी दोन दिवस मिळाले, म्हणून आपण स्वतःच्या हाताने वर्ख लावून दीड किलो काजूकतली खराडीच्या संतोषदादाबरोबर धाडलीत व ती प्रयोगशाळेत वाटण्याची आज्ञा केलीत. मी ‘इंदूरला वेळ मिळाला, त्याबद्दल’ एवढे वाक्य पाठही केले. परंतु माणसे एकोणीस. पहिल्या दिवशी सगळे कामात होते, दुसऱ्या दिवशी सगळे हसत होते (हसणाऱ्या माणसांत डबा घेऊन कसे शिरावे, हे मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही), आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या रविराजने विचारले, “काय गं, ड्रॉवरमध्ये एवढं काय लपवतेस?” मी घाबरून “चिकटपट्टी” असे सांगितले. ते खोटे ठरू नये म्हणून चिकटपट्टीचे रीळ आणून त्या डब्याशेजारी ठेवले. पुढचा सगळा अनर्थ या सत्यनिष्ठेतून उद्भवला.

माझे काम आपल्याला एकदा समजावून सांगितले होते, पण तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती, म्हणून पुन्हा सांगते. चांदीचे संयुग असलेले एक औषध कर्करोगाच्या पेशींना द्यायचे, पेशी वाळवून चिकटपट्टीवर पसरायच्या आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. आत शिरलेली चांदी कोणाशी जोडली गेली आहे, हे वर्णपटावरून कळते. (औषधातली चांदी आणि वाटीतली चांदी यांचे वर्णपट दोन माणसांच्या सह्यांइतके वेगळे असतात.) तुलनेसाठी काही पेशींना औषध देतच नाहीत. त्यांच्यात चांदी असता कामा नये.

इंदूरला पाहिले, तर ती होती. शिवाय ती औषधातली नव्हती. वाटीतल्यासारखी शुद्ध, धातुरूप होती. मी नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या, दुसरा नमुना लावला, त्यातही तीच. मार्गदर्शिका सत्यशीलाबाई (त्यांना सगळे मॅडम म्हणतात, पण माझ्या तोंडून बाईच येते) इतक्या आनंदल्या, की औषध एका पेशीतून निघून दुसरीत शुद्ध चांदी होऊन बसते, असे त्या शनिवारी समितीसमोर मांडणार आहेत. सहा दिवस मी याचे कारण ग्रंथांत शोधले. चार उपपत्ती सापडल्या. त्यांचे आपसांत पटत नव्हते आणि मला चारही पटत होत्या. काल विचारासाठी म्हणून शेवटची काजूकतली घ्यायला खण उघडला, रीळ बाजूला केले, तर त्याच्या कडेला चिकटलेला वर्खाचा तुकडा चमकला. इंदूरला पेशी पसरल्या होत्या त्या याच रिळाच्या पट्टीवर. पाचवी उपपत्ती.

आता बाई शनिवारी तसे बोलल्या, तर त्यांचे नाव जाईल आणि आजारी माणसांच्या औषधाविषयी एक खोटी गोष्ट छापली जाईल. मी आधी सांगितले तर माझे संशोधन जाईल, आणि ‘दीड किलो एकटीने?’ असा प्रश्न येईल. मला सर्वांत जास्त भीती या शेवटच्या प्रश्नाची वाटते, याची लाज वाटते. काल दाराशी जाऊन “बाई, ती चांदी…” इतके म्हटलेही. त्या म्हणाल्या, “हो ना, किती सुंदर!” मी “हो” म्हणून परत आले.

काकांना नमस्कार.

आपली आज्ञाभंजक,
वैष्णवी

ता. क. पत्राचे खरे कारण असे, की उद्या संध्याकाळपूर्वी आपणच बाईंना फोन करून हे सांगावे. नंबर मागे लिहिला आहे. (हे पत्र संतोषदादा आज रात्रीच्या गाडीने घेऊन येत आहे.) काजूकतली लहान मुलांनी खाल्ली असे म्हटले तरी चालेल.

ता. क. फोन करू नये. पाकीट बंद करण्याआधी रीळ हातात घेऊन मीच गेले. वाक्य पाठ केलेले नव्हते, म्हणूनच बहुधा बाहेर पडले. बाईंनी ते रीळ भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “दीड किलो. आणि गाइडला एक नाही.” मग शनिवारच्या भाषणातले ते पान काढून टाकले. नवी चिकटपट्टी घेऊन प्रयोग पुन्हा करायचा आहे. तुलनेसाठी त्याच वर्खाची दोन पाने हवीत.

ता. क. महिपतशेठांकडचा तो वर्ख चांदीचाच आहे, असे इंदूरच्या यंत्राने सांगितले आहे. महिपतशेठांची माफी मागावी लागेल.

ता. क. वर्खाबरोबर काजूकतलीही पाठवावी, ही बाईंची अट आहे. ती मी स्वतः, उभी राहून, एकोणीसही जणांना द्यायची आहे. ते “कशाबद्दल?” असे विचारतील. चूक सापडल्याबद्दल काजूकतली वाटण्याची पद्धत आपल्याकडे आहे का, ते कृपया लवकर कळवावे. वाक्य पाठ करायला मला आठवडा लागतो.