शटर राहू दे, भिंत फोडा

२४ मार्च, सोमवार
दुपारी तीनला गॅरेजमध्ये ३९. थर्मामीटर मीच खिळ्याला टांगलाय. शटरला हात लावला, तवा. सागरचं अंग १०१. हा आजारपणाचा ताप नाही, उन्हाचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, मणका वर छातीपाशी मोडलाय, त्याखाली घाम यायचा नाही, अंग आपलंआपण गार व्हायचं नाही. खोली गार ठेवा.
सौ. दर दहा मिनिटांनी ओल्या टॉवेलनं पुसत होती. सागर म्हणाला, "मम्मी, मी काय म्हैस हाय का?" हसला. आम्हीपण हसलो.
आमचा जिना अडीच फुटांचा, वळणाचा. खुर्ची चढत नाही. घर बांधताना मीच म्हणालो होतो, जिन्यात कशाला जागा घालवायची, गाडीला ऐसपैस ठेवू. मोटारसायकलचा अपघात झाला तेव्हापासून, चौदा महिने, पोरगं खाली गाडीच्या जागेत आणि गाडी बाहेर लिंबाखाली.
एसी बसवायचा. ठरलं.

२६ मार्च, बुधवार
कारेगावला एका बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसातलं सामान निघालं होतं. तिथून एसी उचलला. जुन्या पद्धतीचा, एकसंध डबा, भिंतीत बसवायचा. घ्यायच्या आधी लावून ऐकला. एसटी डेपोसमोरच्या टपरीत मोटारी भरायला, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायला, बसलो तेव्हापासून कान हेच माझं शिक्षण. कॉम्प्रेसर स्वच्छ. पंख्याचा एक स्क्रू ढिला, बाकी ठणठणीत.
अडचण एकच. मागचं अर्धं अंग भिंतीबाहेर पाहिजे. गरम हवा तिकडं फेकणार, पाणीही तिकडंच ठिबकणार.

२८ मार्च, शुक्रवार
दौंडहून रशीदभाई आले. रेल्वेच्या एसी डब्यांवर उभी हयात गेली, आता रिटायर. बसले नाहीत. आधी चारी बाजू टिचकीनं वाजवून बघितल्या. उजवीकडं शेजाऱ्याचं घर चिकटून. मागं जिना, त्याखाली पाण्याची टाकी. डावीकडं दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं अंगण. समोर शटर.
"बाळासाहेब, सीधी बात है. ये शटर निकालो. पक्की भिंत घ्या, दार करा, खिडकी करा, उसी में मशीन बिठाओ. गरम हवा रोडवर. शटर ठेवलं तर थंडी टिकणार नाय, फटी बघा की."
म्हणालो, "शटर राहू द्या. गाडी लावायची असते आत."
सौ. कपबशा उचलून वर गेली. सागर मोबाइलकडं बघत होता. मोबाइलची स्क्रीन बंद होती.
मग राहिली डावी भिंत. रशीदभाई म्हणाले, "भाई से पूछ लो पहले." बघतो म्हटलं.

२९ मार्च, शनिवार
वाटणीचा कागद काढला. "सामाईक भिंतीस कोणीही खिडकी, मोरी अथवा भोक पाडू नये." वाक्य माझं. दादाला तेव्हा त्याच्या न्हाणीची मोरी माझ्या बाजूला काढायची होती. वकिलाच्या कानात सांगून मीच घालून घेतलं. फार हुशारी केली असं वाटलं होतं.
तेव्हापासून दादा लग्नात आणि मयतीतच बोलतो. सागरच्या वेळी तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. माझ्याशी सहा शब्द. सगळे 'चहा घेतला का' याच जातीचे.
आज अमावास्या. गवंडी हात लावत नाही.

३० मार्च, पाडवा
दादा-वैनी दौंडला, लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत. मंगळवारी येणार. विचारायला गेलो नव्हतो, वैनी फोनवर बोलत होत्या ते ऐकलं. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येतं.
गुढी उभी केली आणि नऊला गवंडी बोलावला.
सौ. "भावजींना इचारलं का?"
"इचारतो की."
"कवा?"
मनात हिशेब असा, एकदा भोक पडलं की आजारी पुतण्याच्या खोलीचं भोक बुजव म्हणायला दादाची जीभ रेटणार नाही.
दुपारपर्यंत आरपार. झुळूक आली. सागर पडल्यापडल्या म्हणाला, "काकाची शेळी डोकावून गेली. आपल्या घरात गेल्या कित्येक दिवसांत कामाशिवाय आलेला पहिला पाहुणा."

१ एप्रिल, मंगळवार
दादा आला. भोक पाहिलं. गोठ्यावरचा जुना पत्रा काढून भोकावर उभा केला, त्याला दोन धोंडे टेकवले. मग हाक मारली.
"बाळ्या, कागद घिऊन ये."
गेलो.
"वाच. मोठ्यानं वाच."
वाचलं. अंगणात उभा राहून, पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्यासारखा. वैनी दारात. शेजारचे गच्चीवर, कपडे वाळत घालायचं निमित्त.
"कुणी लिवलं हे?"
"मी."
"मग झालं तर." आत गेला.
चिडायला पाहिजे होता. चिडलेल्या माणसाशी बोलता येतं. गिऱ्हाइकं काय कमी चिडतात? बसवतो, चहा पाजतो, दहा मिनिटांत हसत जातात. ह्याच्यापुढं काही चालत नाही.

३ एप्रिल, गुरुवार
दहापासून लाईट नाही. मेंटेनन्स. पंखाही बंद. साडेबाराला सागर १०२.४. डोळे लाल, बोलणं जड. बर्फ आणला, काखेत ठेवला, उतरेना. सौ. माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी कर, असं न बोलता.
शटर वर केलं, सागरला उचलला, बाहेर लिंबाखालच्या गाडीत घातला, गाडीचा एसी लावला. चौघं होतो उचलायला. मी, गल्लीतले दोघं, आणि चौथा हात दादाचा. उचलताना लक्षात आलं नाही. सीटवर ठेवताना दिसला.
दोन तास इंजिन चालू. उतरला ९९.६ वर. पुढच्या सीटवर बसून बाहेर बघत होता. रस्त्यानं जाणारी येणारी थांबून आत बघत होती. त्यानं काच वर केली.
दादा तोपर्यंत निघून गेला होता.

५ एप्रिल, शनिवार
आज कागद न घेता दादाकडं गेलो. हे सावकाश लिहितो.
शेळ्यांना पाला टाकत होता, त्या पत्र्याशेजारी. "बस" म्हणाला नाही. "जा" पण म्हणाला नाही.
"दादा, चुकलं."
"काय चुकलं?"
"तू नसताना फोडलं."
"आन्?"
तेवढ्यात पत्र्यामागून सागरचा आवाज. फोनवर, कंपनीतल्या जुन्या मित्राशी. भोकातून बाहेर आवाज इतका स्वच्छ जातो हे त्याला कुठून कळणार. मलाच कळलं नव्हतं, मी कायम आतल्या बाजूनं ऐकणारा.
"आरं, एसी म्होरच्या भिंतीत बसत होता, त्यात भांडणाचं कामच नव्हतं. पप्पा शटरला हात लावू देत न्हाईत. त्यास्नी वाटतंय मी हिंडाफिरायला लागीन, वर जाईन, आन् गाडी परत आत लागंल... न्हाई रे, कसं सांगू? त्यांचं तोंड बघितलं का तू?... मला दार पायजे, भावा. आतनं कडी लावता येईल असलं. शटर वर केलं की सगळा रोड मला बघतो, खाली केलं की दिवसा अंधार. चौदा महिनं झालं, गाडीच्या जागंत ऱ्हातोय. गाडी आली की उठायचं, असं."
मग कुठल्यातरी मॅचविषयी बोलायला लागला. हसला पण.
दादाला अलीकडं कमी ऐकू येतं. हे आलं. पाल्याची पेंढी हातात तशीच धरून उभा होता. मी शेळीकडं बघत होतो.
दादानं धोंडे बाजूला केले. पत्रा सरकवला, आवाज होऊ न देता.
"लाव इकडं. ह्या उन्हाळ्यापुरतं. आन् कागदावर काय लिवू नकोस."
निघालो तर मागून म्हणाला, "बाळ्या, दुनियेच्या मोटारी नुसता कान लावून वळखतोस म्हणं तू."
घरी सरळ गेलो नाही. दुकानात जाऊन बसलो. शनिवारी गर्दी असते, बरं असतं.

७ एप्रिल, सोमवार
रशीदभाईंनी मशीन बसवलं. बाहेरच्या बाजूला बोटभर उतार, पाणी तिकडं जावं म्हणून. कडेनं फोम भरला. वैनींनी खाली बादली ठेवली, न सांगता.
अकराला चालू केलं. तीनला ३३. चारला ३३. पाचलाही ३३, त्याखाली काटा येईना. सौ.नं शटरच्या फटींत चिंध्या कोंबल्या. खालून कोंबल्या की वरून झळ. शटरचा पत्रा तापतोय तो वेगळाच.
रशीदभाई हत्यारं पिशवीत भरत म्हणाले, "मशीन में कुछ कमी नहीं है, बाळासाहेब." शटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चपला घातल्या. दौंडची शेवटची गाडी पकडायची होती.
सागर म्हणाला, "मस्त वाटतंय, पप्पा."
३३ मध्ये त्याला मस्त वाटत नाही. माझ्यासाठी म्हणाला.

९ एप्रिल, बुधवार
सकाळी दाढी करून देताना विचारलं. त्याच्या तोंडाला साबण होता, त्याला लगेच बोलता येणार नाही अशी वेळ बघून. सवय जात नाही.
"दार केवढं करायचं?"
साबण पुसून घेतला. जरासुद्धा आश्चर्य नाही. "साडेतीन फूट. उंबरा नको. बाहेर उतार, फुटाला इंचभर. खिडकी अडीच फुटावर, मी बसल्यावर डोळ्याला यील अशी. कडी खाली, हाताला." मोबाइलमध्ये चित्र काढून ठेवलेलं, मापांसकट. कधी काढलं ते मी विचारलं नाही. एसीची जागासुद्धा काढली होती, खिडकीशेजारी.
वर जाऊन सौ.ला सांगितलं. भाकरी थापत होती.
"मला म्हाईत हाय."
"कवापासनं?"
"चित्र दिवाळीचं हाय."
दिवाळीपासून. एकाच घरात. मला सोडून सगळ्यांना. किंवा मला धरून सगळ्यांना, मी तेवढा न ऐकल्यासारखा.
शटरवाल्याला फोन केला. गवंड्याला शनिवारनंतरचं सांगितलं.

१२ एप्रिल, शनिवार
शटर उतरवलं. दोन तासांचं काम. पट्ट्या गुंडाळून मोठं भेंडोळं केलं, रस्त्याकडेला ठेवलंय. समोर सध्या ताडपत्री. गवंडी सोमवारी येतो. दादा मधेच येऊन उभा राहिला, उताराची जागा पायानं मोजली, "पावसाचं पाणी आत न्हाई आलं पायजे" म्हणाला, गेला.
शटरवाला हात पुसत म्हणाला, "बाळासाहेब, ह्याचं काय करायचं? पट्टी चांगली हाय. परत बसवायचं आसंल तर ग्रीस मारून बांधून ठिवतो, कवाबी बसतं. न्हाईतर भंगारात टाकतो, टेम्पो हाय आता."
सागर ताडपत्रीच्या आत होता. मोबाइलवर काहीतरी लावलं होतं, त्याचा आवाज बंद झाला.
मी म्हणालो, "आधी चहा घ्या."
चहा घेतला. दुसऱ्यांदा विचारलं. टेम्पो जाऊ द्या म्हटलं, उद्या सांगतो.
आत गेलो तर सागर डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता, श्वासावरून कळतं. मी खुर्ची ओढून बसलो.
उद्या सकाळी नऊला येणार आहे शटरवाला.