जिन्यातलं घुबड

५ ऑक्टोबर, रविवार

क्रोशाने विणलेल्या अस्वलाची मान वाकडी शिवली गेली. उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा वाकडी. आता ते सगळ्या जगाकडे संशयाने बघतंय. राहू दे. माझंच अस्वल आहे.

सकाळी नवसीबरोबर मनोरच्या पुढचं जंगल. नवसी माझ्याच लॅबमध्ये आहे, नमुने पास-नापास करायला. तिचा पाडा तिथून जवळ. पाऊस संपला, पण दगड अजून निसरडे. सागाची पानं किड्यांनी खाऊन नुसत्या शिरा उरल्यात — क्रोशाने इतकी बारीक जाळी मला जमणार नाही. कुड्याच्या दोन झाडांमध्ये कोळ्याचं जाळं होतं. मी वाकून त्याची अंतरं बघत होते, तर नवसी म्हणाली, "ताई, त्याचं मोजमाप नको घेऊस. त्याला माशी गावते ना, मग पास हाय तो!"

ढोलीत एक पिंगळा, छोटं घुबड. भर दिवसा, डोळे वटारून. आम्ही दोघी त्याच्यासमोर खडकावर बसलो. आठवड्यातला एवढाच वेळ असा, की गप्प बसल्याबद्दल मला कुणी "काय झालं?" विचारत नाही.

६ ऑक्टोबर

आईचा फोन, गावाहून, माकुणसारहून. जेवलीस का नाही, काही नाही.

"दर रविवारी जंगलात कोनासोबत जातेस?"

"कोण म्हणालं?"

"तुझी हेतलबेन बोलली. भाईसोबत जाते, गाडीवर बसून. कोन हाय हा भाई?"

हेतलबेन — माझ्या घरमालकीण. त्या खाली, मी वरच्या खोलीत. नवसीचे केस आखूड, वर हेल्मेट, वर जॅकेट. गॅलरीतून बघितलं आणि ठरवलं — पुरुष!

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण खुलासा मागायची ही काय पद्धत? म्हणाले, "तिलाच विचार," आणि फोन ठेवला.

७ ऑक्टोबर

चूक. आईने निकाल लावला — दिवाळी झाली की खोली सोडायची, घरून ये-जा करायची. म्हणजे रविवारी घरी, नीट साडी नेसून, पोहे घेऊन पाहुण्यांसमोर. जंगल बंद.

मग सांगितलं, अगं, ती नवसी आहे.

"आता बरं पोरीचं नाव सुचलं!"

९ ऑक्टोबर

चुगलीला उत्तर द्यायचं ठरवलं आहे. भांडण नको, आवाज चढतो. विणून देणार.

घुबड.

आमच्याकडे घरावर घुबड बसलं की घर उजाड होतं म्हणतात. माझा विश्वास नाही. म्हणूनच निर्धास्तपणे वापरता येतं!

१२ ऑक्टोबर, रविवार

राखाडी आणि तपकिरी लोकर. या उकाड्यात बोटांना घाम, सुई सटकते. पण डोळे अप्रतिम झाले. पिवळे, गोल, समोरच्याचा गुन्हा माहीत असल्यासारखे. चोचीला थोडा बाक दिला. हेतलबेनच्या नाकाशी साम्य आलं असेल तर योगायोग.

जंगलात नवसीला दाखवलं. ती हसून हसून पानांवर बसली. "ही तं सेम तीच! आता फक्त गॅलरी विण तिला!"

१३ ऑक्टोबर

कामावर निघताना घुबड जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलं, तोंड थेट हेतलबेनच्या दाराकडे. संध्याकाळी नवसी चहाला आली होती. दोघी जिना चढतोय, तर हेतलबेन दारात, घुबड दोन्ही हातांत धरलेलं.

"बेटा, ये किसका है?"

"पता नहीं," मी म्हणाले.

मागून नवसी, अगदी शांतपणे — "ताई, घुबडाला घुबड गावलं."

मी ओठ चावले. हेतलबेन आमच्याकडे बघून गोड हसल्या आणि घुबड घेऊन आत गेल्या. कचऱ्याची गाडी सकाळी येते. बघू.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

कचऱ्यात नाही. पाटावर आहे! कपाळाला कुंकू, पुढ्यात तांदूळ, गळ्यात झेंडूची माळ. शेजारणी दर्शनाला येतायत.

"लक्ष्मीजी का वाहन है, बेटा! दिवाली के पहले खुद चलके आया!"

याचा विचारच केला नव्हता. आमचा अपशकुन, त्यांची लक्ष्मी. परिणाम अपेक्षेच्या बरोबर उलटा. लॅबमध्ये असं झालं असतं तर मी नमुना फेकून पुन्हा सुरुवात केली असती.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाला खाली बोलावलं. आरतीचं ताट माझ्या हातात दिलं — मीच माझ्या घुबडाला ओवाळलं! हेतलबेन सारख्या माझ्याकडे बघत होत्या. मी चेहरा सरळ ठेवला. त्यात मी पटाईत आहे.

"अकेला है बेचारा," त्या म्हणाल्या. "इसकी जोड़ी मिल जाए तो अच्छा।"

२४ ऑक्टोबर

आई आली. दोन रिकाम्या पिशव्या घेऊन, माझं सामान भरायला. वर न येता आधी हेतलबेनचं दार वाजवलं. मी धावत खाली. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

"हाच! हाच तो भाई!" आई ओरडली.

भाईने हेल्मेट काढलं. "काकी, बऱ्या हाव ना?"

आईने नवसीला वरपासून खालपर्यंत बघितलं. कानातली कुडी बघितली. मग वळली हेतलबेनकडे.

"तुमने तो भाई बोला था!"

"मैंने बाई बोला था! आपने पूछा, लड़की जंगल में अकेली जाती है क्या। मैंने बोला, अकेली नहीं, एक बाई है साथ में, टेंशन मत लो।"

"हिंदीत बाई कुठं अस्ते? हिंदीत भाईच अस्तो!" आई ठाम होती.

आमच्या गावच्या बोलण्यातून जोडाक्षरातला ह गळतो — आमी, तुमी. साठलेला सगळा ह आईने एकदम त्या बाईला लावला, आणि झाला भाई.

चहा झाला. नवसीने आईला पाड्यावर जेवायला बोलावलं, आईने तिला सुकट पाठवायचं कबूल केलं. खोली माझीच राहिली. पिशव्या रिकाम्या परत गेल्या. एकीत फक्त अस्वल. "हा तुझ्या बापासारखा बघतो," म्हणाली.

रात्री झोप नाही. हेतलबेनने चुगली केलीच नव्हती. उलट माझी बाजू घेतली होती. आणि मी त्यांच्या दारात काय बसवलं!

२५ ऑक्टोबर

दुसरं घुबड विणायला घेतलं. चोच सरळ.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी निघाले, तर जिन्यात हेतलबेन. पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, खाली रिक्षा उभी. मी म्हणाले, "कहाँ जा रही हैं?" त्यांनी माझी ओढणी नीट केली आणि मराठीत, माझ्याहून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "पालघरला मराठी शाळेतच शिकले गं मी. घुबड कुणाला म्हणतात, ते चांगलं कळतं मला. चल, आता जंगलातलं खरं दाखव."