घाटातली जीप अन् तुमची सुपारी

सुनेले घाटात गाडी चालवाले शिकवलं तुमी, अन् पोराले एका शब्दानं सांगतलं नाही. भांडण माह्या डोक्यावर ठेवून निघून गेले. हे काही बरं केलं नाही.

संजूचे बाबा,

आता रामराम घ्या. जिते होते तवा तुमचं नाव घेतलं नाही, आता कायले घेऊ? दुसरीपर्यंतची शाळा माही, अक्षर लावून लावून वाचा.

लिहाचं कारण असं. या रविवारी संजूनं मले जीपमधून फिराले नेलं. पुसदच्या मोठ्या रस्त्यानं गेला, त्याच रस्त्यानं आला. एक हात स्टेअरिंगवर, कानाले मोबाईल. चुलीवरचं दूध उतू जाच्या आत घरी! मी म्हटलं, "कापसाचं गाठोडं फिरवून आणलं काय रे? घाटाचा रस्ता कुठं गेला?"

"याडी, तो रस्ता वाकडा. टाइम कोणाजवळ हाय?"

शारदा भांडे घासता घासता बोलली, "मी नेते ना याडीले. बाबांनीच शिकवला मले घाट."

तुमचा पोरगा हसला. "घाटात बाईमाणसाचं काम नाही. बाबांनी शिकवलं म्हणता, तं विचारा बाबांले."

म्हणून विचारून राह्यली.

मले तरी तो रस्ता पहिले कुठं आवडे? ट्रकवर जन्म काढला तुमी, अन् सुटीच्या दिवशी पुन्हा गाडीच. उलटी होईन म्हणून मी मुठीत निंबू धरून बसो. तुमी दर वळणावर जीप उभी करा. "पाह, पळस कसा पेटला." मी म्हणो, "मागच्या साली बी असाच पेटलता. भाकर कवा खाता?"

इतके वळणं काहून, हे सांगाले तुमाले किती वर्षं लागले! आपल्या आज्या-पणज्याचे बैल पाठीवर मीठ-धान्य लादून या पाण्याहून त्या पाण्याले चालत, तीच ही वाट. जिथं रस्ता वाकला, तिथं खाली झरा नाहीतर डोह. तवापासून माहा निंबू घरीच राहे. उतरून दोन घोट पाणी प्यालं का पोट ठिकाण्यावर. एवढं ग्यान लग्नाच्या साली दिलं असतं तं काय बिघडलं असतं?

मंग तुमचे डोळे अधू झाले. संजू हप्ताभर दुकानात, रविवारी झोपेत. तुमी शारदाले म्हटलं, "स्टेअरिंगवर बस." "वळणाआधी हॉर्न, चढणाऱ्याले पहिले वाट." याच्यापुढं तुमी काही शिकवलंच नाही.

तो ट्रॅक्टर आठवते? आपण उतारावर, समोरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर चढत आला, एका अंगाले दरी. शारदानं जीप मागं मागं चढवली, थेट आंब्याजवळच्या रुंद जागेपर्यंत. मी डोळे मिटले होते. उघडले तं तुमी अडकित्ता काढून सुपारी कातरत बसले होते, जसे का अंगणात बसले.

अन् संजू चालवे तवा? सुपारी खिशात, अन् समोरची दांडी अशी धरा का बोटं पांढरे होत. त्यानं कधी पाह्यलं नाही, त्याची नजर मोबाईलवर. मागच्या सीटवरून मी पाह्यलं. पास कोण अन् नापास कोण, हे तवाच ठरलं. तुमी मात्र पोराले वाईट वाटन म्हणून गप्प राह्यले. मले तशी सवय नाही.

आता जीप कडूनिंबाखाली उभी हाय. मागं माह्या जागेवर कोंबडी अंडे घालून राह्यली. घालू द्या.

येत्या रविवारी मी तुमच्या जागेवर बसीन, शारदा चालवन. आंब्याच्या वळणावर तुमचा अडकित्ता काढीन अन् सुपारी कातरीन. दात नाही, तरी तोंडात धरीन. दांडीले हात लावणार नाही, हा माहा शब्द. संजूले यायचं असन तं कोंबडीजवळ जागा हाय.

हा कागद तुमच्या फोटोसमोर ठेवते. संजू रोज सकाळी तिथं उदबत्ती लावते, तवा तुमच्या आधी तोच वाचन.

तुमच्या मागच्या सीटवरची,
संजूची याडी

तुमी जवाब देऊ नका, जिते असताना बी 'हूं'च्या पुढं गेले नाही. जवाब संजूनंच द्यावा: शनिवारी दिवाबत्तीच्या आत चाबी शारदाच्या हातात.